रुपयाचा अभिमान आणि परमुलुखातील वटाव

परदेशप्रवास ही एकेकाळी मूठभर धनिकांची, उच्चशिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि सरकारी शिष्टमंडळांची मिरासदारी होती. १९६०-७० च्या दशकांत परदेशी निघालेल्या सामान्य भारतीयाच्या खिशात जेमतेम आठ डॉलर असत. १९९१ साली तर देशाची परकीय गंगाजळी इतकी आटली की राष्ट्राचे सोने परक्या बँकांकडे गहाण ठेवण्याची वेळ आली. त्या दिवसांची आठवण असलेली पिढी अजून आपल्या घराघरांत आहे. त्याच देशाची परकीय चलनाची गंगाजळी सप्टेंबर २०२४ अखेर ७०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. रिझर्व्ह बँकेच्या ज्या उदारीकृत योजनेखाली २००४ साली नागरिकास वर्षाला २५ हजार डॉलर परदेशी नेण्याची वा पाठवण्याची मुभा मिळाली, तीच मर्यादा पुढे अडीच लाख डॉलरपर्यंत वाढली. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात या योजनेखाली सुमारे ३१.७ अब्ज डॉलर देशाबाहेर गेले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे १७ अब्ज डॉलर, केवळ प्रवासापोटी खर्च झाले.

हा पैसा कोणाचा? तो केवळ उद्योगपतींचा नाही. निवृत्तीनंतर एकदा तरी युरोप पाहावा म्हणून पुंजी साठवणाऱ्या शिक्षक दांपत्याचा तो आहे, सिंगापूरला नोकरी करणाऱ्या मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांचा आहे, पशुपतिनाथाच्या दर्शनास निघालेल्या यात्रेकरूंचा आहे. अशा कुटुंबांत प्रवासाची तयारी महिनोन्महिने चालते. व्हिसाची कागदपत्रे, विमा, औषधे, थंडीचे कपडे, भडंगाचे आणि लाडवांचे डबे यांची याद्यांवर याद्या होतात. मात्र ज्या पैशाच्या बळावर हा सारा खटाटोप, तो परक्या भूमीवर नेमका कोणत्या चलनात द्यावयाचा, या प्रश्नाचा विचार बहुतेक घरांत दुकानाच्या गल्ल्यापाशी उभे राहीपर्यंत होतच नाही.

तेथे हा प्रश्न अत्यंत सौम्य रूपात समोर येतो. पॅरिसच्या, दुबईच्या किंवा बँकॉकच्या दुकानात कार्ड यंत्राला लावले की पडद्यावर दोन आकडे उमटतात. एक त्या देशाच्या चलनातला, दुसरा भारतीय रुपयांतला. यांपैकी कशात पैसे द्यावयाचे, अशी नम्र विचारणा यंत्र करते. अनोळखी मुलुखात, अनोळखी आकड्यांच्या गर्दीत, रुपयाचे ते परिचित नाव पाहून कोणासही हायसे वाटावे यात नवल नाही. हिशेब कळतो, मन निःशंक होते आणि काहींच्या मनात तर आपल्या रुपयाला जगात मान मिळू लागला, अशी सुखद भावनाही डोकावून जाते. बोट आपसूक रुपयावर पडते. आणि अगदी याच क्षणी प्रवाशाचा खिसा कापला जातो.

या व्यवस्थेला बँकांच्या परिभाषेत ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी मूळ प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. वेगवेगळ्या टांकसाळींची नाणी बाजारात फिरत होती त्या काळी एक नाणे दुसऱ्यात बदलून देताना सराफ वटाव कापून घेत असे. आजचा सराफ यंत्रात बसलेला आहे, इतकाच फरक. प्रवाशाने स्थानिक चलन निवडले तर दुकानदाराला त्याच्या चलनात पैसे मिळतात आणि रुपयांत त्याचे रूपांतर व्हिसा वा मास्टरकार्डसारखी कार्डसंस्था आपल्या घाऊक दराने करते. हा दर बँका आपापसात ज्या दराने व्यवहार करतात त्याच्या बराच जवळ असतो. त्यावर प्रवाशाची भारतातील बँक आपला ठरलेला अधिभार लावते. उलट प्रवाशाने रुपया निवडला तर रूपांतराचे काम कार्डसंस्थेकडे न जाता त्या परदेशी दुकानदाराच्या वतीने काम करणाऱ्या कंपनीकडे जाते. दर ती ठरवते. बाजारदरावर तीन-चार टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक भर त्यात घातलेली असते आणि त्या कमाईतील वाटा दुकानदारालाही मिळतो. विक्रेता इतक्या आग्रहाने रुपयाची शिफारस का करतो, याचे उत्तर या वाट्यात आहे.

आकड्यांतच बोलावयाचे तर एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. समजा, एका युरोचा बाजारदर १०० रुपये आहे आणि एका कुटुंबाने ५०० युरोंची खरेदी केली. मूळ किंमत ५० हजार रुपये. स्थानिक चलनात पैसे दिले आणि भारतातील बँकेचा अधिभार अनेक क्रेडिट कार्डांवर असतो तसा साडेतीन टक्के असला, तर १,७५० रुपये अधिभार आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५ रुपये मिळून एकूण ५२,०६५ रुपये पडतात. आता हेच पैसे दुकानातील यंत्रावर रुपयांत दिले आणि तेथील कंपनीने सात टक्के भर घातली, तर रक्कम ५३,५०० रुपये होते. गोष्ट येथेही संपत नाही. परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावर भारतातील अनेक बँका स्वतंत्र शुल्क आकारू लागल्या आहेत. ते एक टक्का धरले तर ५३५ रुपये, त्यावरील जीएसटी सुमारे ९६ रुपये, म्हणजे एकूण सुमारे ५४,१३१ रुपये. एका खरेदीत दोन हजार रुपयांहून अधिक रक्कम केवळ चुकीचे बटण दाबल्याने गेली. परदेशी व्यवहारावर अधिभार न लावणारे कार्ड जवळ असते तर हीच तफावत चार हजारांच्या पुढे गेली असती. हॉटेलचे बिल, जेवणे, तिकिटे, एटीएममधून काढलेली रोकड अशा पंधरा दिवसांच्या साऱ्या खर्चाला हाच हिशेब लावला, तर चौघांच्या कुटुंबाचे एखाद्या शहरातील दोन दिवसांचे खर्च भागावेत इतकी रक्कम वटावापोटी जाते.

येथे कोणी म्हणेल, क्वचित प्रसंगी तेथील कंपनीचा दर आपल्या बँकेच्या अधिभारापेक्षा कमीही असू शकेल. तसे घडू शकते, हे मान्यच करावयास हवे. परंतु त्यासाठी यंत्राच्या पडद्यावर दिसणारा दर, त्या दिवशीचा बाजारदर आणि आपल्या बँकेचे शुल्क ही तिन्ही माहिती गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या प्रवाशाजवळ हवी. ती बहुधा नसते. मागे रांग खोळंबलेली असते, विक्रेता घाई करीत असतो. अशा वेळी स्थानिक चलन निवडणे हाच व्यवहारी नियम होय.

परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू खिशापुरती मर्यादित नाही, आणि देशाचा विचार करणाऱ्या वाचकाने ती अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी. परदेशात रुपयांत पैसे देणे म्हणजे स्वदेशीचे आचरण, अशी काहींची प्रामाणिक समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. यंत्राच्या पडद्यावर रुपया उमटला म्हणून तो रुपया परदेशी दुकानदाराच्या तिजोरीत जात नाही. त्याला त्याचे युरो, दिरहम वा बाहतच हवे असतात आणि तेच मिळतात. भारतातील बँकेला मात्र त्या व्यवहाराची परतफेड, वाढीव भर धरून, परकीय चलनातच करावी लागते. म्हणजे प्रवाशाने अभिमानाने रुपया निवडला की देशाच्या गंगाजळीतून उलट अधिक परकीय चलन बाहेर जाते, तेही कोणतीही वस्तू वा सेवा अधिक न मिळता. रुपयाचे नाव वापरून परक्या कंपनीने भारतीयाकडून केलेली ही वसुली आहे. तेव्हा प्रश्न पडद्यावर कोणते चलन उमटते हा नसून चलनाचे रूपांतर कोण करतो आणि कोणत्या दराने करतो, हा आहे. ज्याला स्वदेशीचे व्रत पाळावयाचे आहे त्याने परदेशात स्थानिक चलन निवडावे आणि रूपांतराचे काम शक्य तेथे आपल्या देशातील संस्थेकडे राहू द्यावे.

चलनाचा मान कशात असतो, याचा धडा महाराष्ट्राला साडेतीनशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकप्रसंगी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. त्याने तहासाठी जी कलमे मांडली त्यांत आपल्या मुंबईकर इंग्रजांचे नाणे महाराजांच्या राज्यात चालावे, अशीही एक मागणी होती. आपल्या घरचे नाणे परमुलुखात चालावे, ही प्रत्येक व्यापाऱ्याची आणि प्रवाशाची इच्छा तेव्हाही होती. महाराजांनी दिलेल्या उत्तराचा आशय मोठा मार्मिक आहे. आपल्या राज्यात कोणत्याही नाण्यास मज्जाव नाही, तुमचे नाणे इतर राजांच्या नाण्यांइतके कसाचे आणि वजनाचे असेल तर ते आपोआप चालेल. परंतु ज्यात प्रजेचे नुकसान होईल असे नाणे घ्या म्हणून प्रजेवर सक्ती करता येणार नाही. म्हणून असे वेगळे कलम घालण्याचे कारण नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. ज्या राजाने त्याच वर्षी स्वतःच्या नावाचा होन आणि शिवराई पाडून सार्वभौमत्वाची द्वाही फिरवली, त्यानेच परक्या नाण्याकडे आकसाने न पाहता कसाच्या आणि प्रजाहिताच्या कसोटीने पाहिले. नाणे हुकमाने चालत नाही, ते खणखणीत वाजले तर चालते, हे राज्यकर्त्याचे व्यवहारज्ञान त्या उत्तरात आहे.

या कसोटीवर स्वतंत्र भारताचा रुपयाही एकदा तपासला गेला आहे आणि तो इतिहास फारसा सांगितला जात नाही. आज दुबई, कतार, कुवेत, बहारीन, ओमान येथे जाणारा भारतीय दिरहम, रियाल आणि दिनारांचे दर पाठ करीत जातो. परंतु १९५० च्या दशकापर्यंत या साऱ्या प्रदेशांत भारतीय रुपयाच रोजच्या व्यवहाराचे चलन होते. मुंबईहून निघालेल्या व्यापाऱ्याला तेथे उतरल्यावर पैसे बदलण्याची गरजच नसे. परदेशात घरचे चलन चालते, हे स्वप्न त्या काळी वास्तव होते.

ते मोडले कशाने? भारतात सोन्याचा भाव जागतिक भावाच्या मानाने फार चढा होता आणि सोन्याच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे आखातातून सोने चोरट्या मार्गाने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येई. त्याचा मोबदला रुपयांच्या नोटांत दिला जाई. त्या नोटा आखातात परत जात, तेथील बँकांमार्फत त्या रिझर्व्ह बँकेकडे येत आणि त्यांच्या बदल्यात भारताला मौल्यवान पौंड मोजावे लागत. अखेर १९५९ साली कायद्यात दुरुस्ती करून रिझर्व्ह बँकेने केवळ आखातापुरत्या चालणाऱ्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांना ‘गल्फ रुपी’ असे नाव पडले. किंमत भारतीय रुपयाइतकीच, पण भारतात त्या चालत नसत. हज यात्रेकरूंसाठीही अशाच स्वतंत्र नोटा होत्या.

या उपायाने गळती रोखली, पण विश्वास राखता आला नाही. १९६१ साली कुवेतने आणि १९६५ साली बहारीनने आपला दिनार आणला. त्यानंतर ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरला ४.७६ रुपये हा दर एका रात्रीत ७.५० वर गेला. ज्यांचा या निर्णयाशी काडीचा संबंध नव्हता, त्या आखातातील व्यापाऱ्यांच्या आणि मजुरांच्या गाठीची पुंजी दिल्लीत घेतलेल्या एका निर्णयाने घटणार होती. कतार आणि दुबई यांनी त्याच वर्षी रुपयाची साथ सोडून स्वतःचा रियाल काढला. ओमान तेवढा १९७० पर्यंत थांबला. ज्या ६ जून रोजी रायगडावर स्वराज्याच्या सिंहासनाची प्रतिष्ठापना झाली, त्याच तारखेला रुपयाने पश्चिम सागरापलीकडील आपले स्थान गमावण्याची वेळ यावी, हा केवळ योगायोग, परंतु विचार करावयास लावणारा योगायोग आहे. रुपयाला तेथून कोणी शत्रूने हुसकावले नव्हते. देशांतर्गत आर्थिक धोरणांतील दोष, त्यातून पोसलेली तस्करी आणि ढासळलेली पत यांनी तो मागे आला.

आजही जगात रुपया थेट चालतो अशी ठिकाणे मोजकी आहेत आणि तेथेही डोळे उघडे ठेवूनच वागावे लागते. भूतानमध्ये १९७४ पासून ङुल्ट्रम हे राष्ट्रीय चलन आहे. त्याची किंमत रुपयाइतकीच असून भारतीय रुपयाही तेथे कायदेशीर चलन म्हणून स्वीकारला जातो. उरलेले ङुल्ट्रम भारतात परतल्यावर सीमेलगतची गावे सोडल्यास कोणी घेत नाही. म्हणून भूतानात रुपया वापरणे हेच शहाणपणाचे ठरते. नेपाळचे गणित वेगळे आहे. १९९३ पासून तेथील रुपयाचा दर स्थिर असून भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचे एक रुपया साठ पैसे. काठमांडूच्या बाजारात ‘आयसी’ आणि ‘एनसी’ हे शब्द सतत कानांवर पडतात. पहिला भारतीय चलनाचा, दुसरा नेपाळी चलनाचा. सांगितलेला भाव यांपैकी कोणत्या चलनातला, हे न विचारता पैसे देणारा यात्रेकरू प्रत्येक खरेदीत दीडपटीहून अधिक रक्कम मोजून येतो. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांच्या वापरावर बंदी घातली. २०१६ च्या नोटाबंदीनंतर तेथील नागरिकांच्या हाती अडकून पडलेल्या पाचशे-हजारांच्या नोटांची कटू पार्श्वभूमी त्यामागे होती. त्यानंतरही या नियमांबाबत फेरविचार होत राहिला आहे. म्हणून निघण्यापूर्वी चालू नियम पाहणे आणि शंभराच्या नोटा सोबत ठेवणे हिताचे.

नेपाळच्या बाबतीत शिष्टाचाराचाही एक मुद्दा आहे. संस्कृतीचे, श्रद्धेचे आणि रोटी-बेटीचे नाते आहे म्हणून तेथे आपली नोट चाललीच पाहिजे, असा आग्रह काही यात्रेकरू धरतात आणि दुकानदाराशी हुज्जत घालतात. नाते कितीही जवळचे असले तरी नेपाळ हे सार्वभौम राष्ट्र आहे आणि त्याचे चलन हे त्या सार्वभौमत्वाचे चिन्ह आहे. मुंबईच्या दुकानात कोणी डॉलर पुढे करून तो घेण्याचा हट्ट धरला तर आपणांस जे वाटेल, तेच काठमांडूच्या दुकानदाराला वाटते. ज्याला स्वतःच्या राष्ट्राच्या चलनाचा अभिमान आहे, त्याला दुसऱ्याच्या चलनाचा मान राखणे जड जाऊ नये.

रुपयाला जगात स्थान मिळू नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. ते मिळावे, यासाठी गेल्या काही वर्षांत पडलेली पावले निश्चितच स्वागतार्ह आहेत. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय व्यापाराची देवाणघेवाण रुपयांत करण्याची व्यवस्था घालून दिली. जुलै २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी स्थानिक चलनांत व्यवहार करण्याबाबत करार झाला आणि पुढच्याच महिन्यात तेथून घेतलेल्या कच्च्या तेलाचे पैसे प्रथमच रुपया-दिरहमांत चुकते झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिंगापूरशी, फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीलंका आणि मॉरिशसशी यूपीआयची जोडणी झाली. भूतान आणि नेपाळमध्येही यूपीआय पोहोचले, पॅरिसच्या आयफेल टॉवरचे तिकीटही त्यावर काढता येऊ लागले. या व्यवस्थेत भारतीयाच्या खात्यातून रुपये वजा होतात आणि पलीकडच्या व्यापाऱ्याला त्याचे चलन मिळते. दुकानातील यंत्रावरच्या रुपयात आणि या रुपयात मूलभूत अंतर आहे. तेथे सराफ परका असतो, येथे देवाणघेवाणीची दोरी भारतीय व्यवस्थेच्या हाती असते. अर्थात पडद्यावर दिसणारा दर आणि शुल्क तपासण्याची सवय येथेही सोडू नये.

मात्र उत्साहाच्या भरात मर्यादांचा विसर पडता कामा नये. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांनी तेथेच बोलून दाखवले की, भारतीय बँकांत रशियाचे अब्जावधी रुपये साचले आहेत आणि ते वापरावयाचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. भारताला तेल विकून मिळालेल्या रुपयांत खरेदी करावी इतका माल रशिया भारताकडून घेत नव्हता, हे त्यामागचे कारण. जागतिक चलनबाजारातील व्यवहारांत डॉलर एका बाजूला असण्याचे प्रमाण २०२२ च्या पाहणीनुसार ८८ टक्के होते, तर रुपयाचे अवघे १.६ टक्के. भारतात तयार झालेला माल जगाला हवाहवासा वाटू लागेल, तेव्हा तो घेण्यासाठी जग रुपये बाळगू लागेल. रुपयाचा मान परदेशातल्या दुकानात बटण दाबून वाढत नाही. तो पिंपरीच्या कारखान्यात, सांगलीच्या द्राक्षमळ्यात, इचलकरंजीच्या मागावर आणि देशभरच्या प्रयोगशाळांत वाढतो.

तोवर प्रवाशाने काय करावे? निघण्यापूर्वी आपल्या बँकेकडून कार्डाचा परदेशी अधिभार लेखी समजून घ्यावा. तो नसलेले वा कमी असलेले कार्ड मिळत असेल तर तेच न्यावे. ज्या देशात जावयाचे त्याच चलनाचे फॉरेक्स कार्ड घ्यावे. डॉलर भरलेले कार्ड थायलंडमध्ये वापरले तर रुपयातून डॉलर आणि डॉलरमधून बाहत असा दोनदा वटाव बसतो. थोडी रोकड बँकेतून वा अधिकृत विक्रेत्याकडून आगाऊ घ्यावी. ऐन वेळी विमानतळावर बदलल्यास दर बहुधा महाग पडतो. नियमाप्रमाणे परकीय नोटा सामान्यतः एका प्रवासात तीन हजार डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकी रक्कम कार्डावर असावी लागते. नेपाळ-भूतान वगळता इतरत्र जाताना भारतीय नोटा २५ हजार रुपयांपर्यंत जवळ बाळगता येतात. परतीच्या दिवशी घरी जाण्यापुरत्या रुपयांची सोय त्यात होते. दुकानात कार्ड देतानाच ‘स्थानिक चलनात’ असे स्पष्ट सांगावे. यंत्र स्वतःच्या हाती घेऊन आकडा पाहावा आणि विक्रेत्याने परस्पर रुपया निवडला असेल तर व्यवहार रद्द करून पुन्हा करण्यास सांगावे. निवडीचा हा अधिकार कार्डसंस्थांच्या नियमांनीच ग्राहकाला दिलेला आहे. एटीएमवर रूपांतर नाकारले तर पैसे मिळणार नाहीत, अशी भीती पडद्यावरील शब्दयोजनेतून निर्माण होते, परंतु ती निराधार आहे. ‘विदाउट कन्व्हर्जन’ हा पर्याय निवडला तरी पैसे मिळतातच. घरी परतल्यावर उरलेल्या परकीय नोटा दोन हजार डॉलरपर्यंत ठेवता येतात. त्यावरील रक्कम १८० दिवसांच्या आत बँकेस परत करावयाची असते.

सारा भार एकट्या ग्राहकाच्या सावधपणावर टाकून शासन आणि बँकांना मोकळे होता येणार नाही. युरोपीय संघाने २०१९ साली नियम करून एप्रिल २०२० पासून आपल्या देशांतील चलनांच्या रूपांतरावर बाजारदरापेक्षा किती टक्के अधिक घेतले जाते, हे ग्राहकाला व्यवहारापूर्वी दाखवणे बंधनकारक केले. हा नियम संघातील देशांच्या आपापसातील चलनव्यवहारांसाठी आहे. तेथे जाणाऱ्या भारतीयाला त्याचे संरक्षण नाही. परक्या देशातील यंत्रावर रिझर्व्ह बँकेचा हुकूम चालणार नाही हे खरे. परंतु भारतीय बँकांवर तो चालतो. ग्राहकाने परदेशी वापरासाठी कार्ड सुरू करताच स्थानिक चलन निवडण्याची सूचना त्याच्या भाषेत, मराठीत, संदेशाद्वारे पाठवणे बँकांना अवघड नाही. व्यवहारानंतरच्या संदेशात बाजारदर आणि लागलेले सर्व अधिभार वेगवेगळे दाखवण्याचे बंधनही घालता येईल. ग्राहकाने अजाणतेपणी रुपया निवडल्यावर त्याच्यावर आणखी एक टक्क्याचे शुल्क बसवणाऱ्या बँकांना आधी सावध करण्याचे कर्तव्य मात्र आठवत नाही, ही विसंगती दूर झालीच पाहिजे. सहली नेणाऱ्या संस्थांनीही प्रवाशांच्या पूर्वबैठकीत उपमा आणि चहापानाबरोबर या विषयाला दहा मिनिटे द्यावीत. ग्राहक पंचायतीसारख्या चळवळींनी आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी हा विषय हाती घेतला तर त्याचा लाभ हजारो कुटुंबांना होईल.

स्वदेशीचा विचार हा केवळ भावनेचा विषय नाही, तो हिशेबाचाही विषय आहे. कष्टाने मिळवलेला पैसा डोळसपणे खर्च करणे आणि देशाच्या परकीय चलनाचा एक कवडीही विनाकारण परक्याच्या घशात न घालणे, हे राष्ट्रकार्याचेच एक साधे, रोजचे अंग आहे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाने ज्या देशात पाऊल ठेवले त्याच्या चलनाचा मान राखावा आणि त्यातच व्यवहार करावा. आपला रुपया जगाने आपण होऊन मागावा, असे दिवस आणावयाचे असतील तर त्यासाठी घाम मायदेशी गाळावा लागेल.